मागच्या दाराचा फोटो

“उघडून पाह्यलं का?”

हे विचारण्याआधी काकाजी चष्मा काढायचे, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसायचे, पुन्हा डोळ्यांवर चढवायचे आणि मग माझ्या स्क्रीनवरच्या पिनेच्या चित्रावर बोट टेकवायचे. त्या बोटाचा ठसा काचेवर राहायचा. संध्याकाळपर्यंत असे सात-आठ ठसे जमायचे आणि मी चरफडत फडक्याने ते पुसायची. “काकाजी, हा मोबाइल नाही, बोट लावायचं काम नाही,” असं मी किती वेळा सांगितलं असेल. “मी कुठी त्याले लावून राह्यलो? मी तुले दाखवून राह्यलो,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. हातातलं काम अडवणारा, झालेलं काम पुन्हा उघडायला लावणारा. तो येताना दिसला की सगळे एकदम फोनवर बोलायला लागतात. तुम्ही त्याला हसत असाल. आम्हीही हसायचो. त्यात मी जरा जास्तच, आणि माझी जीभ पहिल्यापासून सैल. म्हणून त्यांच्याबद्दल लिहायचं तर मलाच लिहिलं पाहिजे.

आमची कंपनी म्हणजे सेलूकडून केळझरला जाताना आतल्या अंगाला पडणारी एक जिनिंग-प्रेसिंग. नाव सांगत नाही. कापूस येतो, रेच्यांवर, म्हणजे जिनिंगच्या मशिनींवर, सरकी वेगळी होते, रुईच्या गठाणी बांधल्या जातात, एवढं कळलं तरी पुरे. मी तिथे बिलिंगला होते. काकाजी पुलगावकडच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. जुनी कागदपत्रं लावायला म्हणून सहा महिन्यांसाठी आले आणि राहून गेले. लाल कापडातली बासनं सोडायची, कागदांवरची धूळ झटकायची, पुन्हा बांधायची, यात त्यांचा दिवस जायचा.

मग नागपूरच्या हेड ऑफिसने सॉफ्टवेअर आणलं. खरेदी, मशिनी, माणसं, सगळं एका ठिकाणी. प्रत्येक नोंदीला तिचा कागद जोडायचा. कागद नसेल तर नोंदीसमोरची पिन लाल, जोडला की हिरवी. पिन लाल असली की पुढचं पान उघडतच नाही. डोकं आपटा, नाही म्हणजे नाही. फक्त एक गोष्ट त्या सॉफ्टवेअरला कळत नव्हती. जोडलेल्या कागदात काय आहे, हे ते पाहत नव्हतं.

ते काकाजी पाहायचे.

कागद स्कॅन करून जोडण्याचं आणि नीट लावण्याचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा त्यांना माउससुद्धा धरता येत नव्हता. महिनाभरात शिकले. त्यांचा पासवर्डही मीच तयार करून दिला होता, कारण स्वतः केलेला ते दर सोमवारी विसरायचे. शिकले आणि आमच्या मागे लागले. आम्ही कागदांना दिलेली नावं पाहून त्यांना अक्षरशः त्रास व्हायचा. ‘स्कॅन एक’, ‘नवीन’, ‘नवीन खरं’, ‘साहेबांनी दिलेला’. एका फाइलचं नाव तर ‘असंच’ होतं. ती माझी.

“असंच म्हंजे काय वं?”

“असंच म्हणजे असंच, काकाजी. घाई होती.”

“पोराचं नाव ठेवतीन का लोकं असंच?” असं म्हणून त्यांनी त्या फाइलला वर्ष, महिना, मशीन आणि कागदाचा प्रकार असं लांबलचक नाव दिलं. पुढे त्यांनी तीच पद्धत सगळ्यांना लावली. साहेबांनाही. आधी वर्ष, मग महिना, मग मशीन, मग काय ते. आज कुठल्याही कंपनीत मी जुना कागद शोधायला बसते तेव्हा मला ती पद्धत आठवते आणि बरं वाटत नाही.

एकदा वजनकाट्याच्या तपासणीची नोंद त्यांनी उघडली, तर आत साहेबांच्या पुतण्याची लग्नपत्रिका. कोणीतरी घाईत भलतंच जोडलेलं. काकाजींनी ती पत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ सकट. मग साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, “साहेब, लग्न होऊन गेलं. काटा तपासाचा राह्यला.” साहेब तोंड पाडून बसले. आम्ही बाहेर पोट धरून हसत होतो.

आता बाप्पाचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एका सकाळी गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर डोक्यावर उभा, आणि एक पावती सापडेना. पिन लाल. माझ्या कॉम्प्युटरवर केळझरच्या गणपतीचा फोटो होता, आम्ही ऑफिसातल्या बायका चतुर्थीला गेलो होतो तेव्हाचा. मी तोच जोडून दिला. पिन हिरवी, गाडी रवाना. पावती दुसऱ्या दिवशी मिळाली तेव्हा आठवणीने बदलली. पण ही युक्ती मी डब्याच्या वेळी सगळ्यांना सांगितली, आणि कशी सांगितली म्हणता, मोठा पराक्रम केल्यासारखी. आठवड्याभरात सगळं ऑफिस ते करायला लागलं. कागद आला नाही? बाप्पा लावून ठेव. सही राहिली? बाप्पा लाव, उद्या पाहू. ‘बाप्पा लावला’ हे आमच्यात चालू झालं. पुढे कागद बदलणं कमी होत गेलं आणि बाप्पा वाढत गेले.

काकाजींना पहिला बाप्पा सापडला तेव्हा त्यांनी आधी स्क्रीनसमोर हात जोडले. माळकरी नव्हते, पण देवाचे होते. मग चष्मा पुसला.

“देवाले बी कामाले लावलं तुमी. कागद कुठी हाय?”

पुढचे पंधरा दिवस ते एकेक नोंद उघडत होते. प्रत्येक बाप्पासमोर हात जोडायचे, वहीत नोंद लिहायची, आणि मग ज्याची नोंद त्याच्या टेबलासमोर जाऊन उभं राहायचं. बोलायचं नाही, नुसतं उभं राहायचं. माणूस कंटाळून कागद आणून द्यायचा. असे त्यांनी सगळ्या बाप्पांच्या जागी खरे कागद लावले, एक सोडून.

तो होता मागच्या दाराचा. रेच्यांच्या हॉलला पुढून मोठं दार आणि मागून एक लहान लोखंडी दार. आग लागली तर पळायला. कापसाच्या धंद्यात आगीची भीती बारा महिने असते, म्हणून ते दार मोकळं असल्याचा ताजा फोटो दर सीझन उघडण्याआधी जोडायचा, असा हेड ऑफिसचा नियम होता. ही नोंद काकाजींच्या नावावर केलेली. मध्ये ते रजेवर होते तेव्हा कोणीतरी बाप्पा लावलेला. ते फोटो काढायला गेले तर दार दिसेचना. गेल्या सीझनच्या न गेलेल्या गठाणी छपरापर्यंत लावलेल्या होत्या.

त्यांनी बाप्पा काढला आणि पिन लाल ठेवली. सीझन बंद होता, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. पण ते रोज सकाळी तिकडे चक्कर मारायचे आणि येऊन मला सांगायचे, जसं काही गठाणी मी रचल्या होत्या.

“बाई, सीझन लागला का अकरा बाया राह्यते तेथी. कांता बी राह्यते.”

कांताबाई त्यांच्याच गल्लीतली. नवरा गेल्यावर काकाजींनीच तिला आमच्याकडे कामाला लावलं होतं. रेच्यावर कापूस टाकायचं काम. डब्यात जवसाची चटणी आणायची, त्यातली अर्धी काकाजींना द्यायची आणि उरलेल्या अर्ध्यातली मी मागून घ्यायची. “तुमी मांगूनच घेता, मी देतो म्हनाच्या आंधी,” असं मला तोंडावर म्हणणारी ती एकटीच होती.

साहेब वाईट माणूस नव्हते. गठाणी हलवायला जागा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. पाहू, पाहू करत दिवाळी गेली.

मुहूर्ताचा दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. काट्याला हार घातलेला, नारळ फोडून झालेला. बाहेर कापसाच्या गाड्या पार डांबरी रस्त्यापर्यंत. आणि सॉफ्टवेअर सीझन उघडू देईना. सगळ्या पिना हिरव्या, एक लाल. साहेब घामाघूम होऊन आले. काकाजी म्हणाले, “दार मोकळं करा साहेब, दोन मिंटात फोटो जोडतो,” आणि हमालांना घेऊन मागे गेले. गठाणी हलवायला अर्धा दिवस तरी लागणार होता. साहेब माझ्या टेबलाशी आले. मला म्हणाले, “पाहा ना मॅडम, काय होते तर.” एवढंच म्हणाले. कर असं म्हणाले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने सांगते.

मी काकाजींच्या नावाने आत गेले. पासवर्ड माझाच होता. बाप्पा लावला. सकाळचे दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. पिन हिरवी झाली, सीझन उघडला, पहिली गाडी काट्यावर चढली. मनात म्हटलं, उद्या बदलू. मला तेव्हा काहीही वाटलं नाही. हुशार असल्यासारखं वाटलं, खरं सांगायचं तर.

काट्याची घंटी ऐकून काकाजी मागून आले. कपाळावर रुई चिकटलेली.

“हिरवं कोनं केलं?”

“साहेबांनी केलं असेल,” मी म्हटलं. मान वर न करता.

त्यांनी आपल्या जागेवर बसून नोंद उघडली. आत बाप्पा. खाली त्यांचं स्वतःचं नाव. या वेळी त्यांनी हात जोडले नाहीत. पाहत राहिले. मग बाप्पा काढायला गेले तर निघेना. सीझन उघडला की त्याच्या आधीच्या नोंदी बंद होतात, हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. त्या फक्त हेड ऑफिस उघडू शकतं. काकाजींनी साध्या कागदावर अर्ज लिहिला, नागपूरला पाठवला. उत्तर नाही. दुसरा पाठवला. तिसरा मी टाइप करून दिला, काय वाटलं असेल मला ते तुम्हीच समजा. पिन हिरवी असताना नोंद का उघडायची, हे तिथल्या कोणाला कळलंच नसेल.

त्यानंतर ते माझ्या टेबलाशी कमी यायला लागले. सकाळी हॉलच्या मागे, दुपारी हॉलच्या मागे. हमालांना विनवून माणूसभर फट करून घ्यायचे, नवीन गठाणी आल्या की ती पुन्हा बुजायची. माझी काच स्वच्छ राहायला लागली. तेवढ्या दिवसांत मी एकदाही उठून मागे गेले नाही. चार पावलांवर होतं.

जानेवारीतली दुपार होती, साडेतीनचा सुमार. कापसातून खडा आला आणि रेच्यात ठिणगी पडली, असं नंतर सांगितलं गेलं. आम्हाला आधी वास आला, मग ओरडा. पुढच्या बाजूने जाळ होता, बाया मागे पळाल्या. काकाजी बाहेरच्या बाजूने गठाणी ओढत होते, सोबत दोन हमाल. त्या फटीतून एकेक करून दहा जणी निघाल्या. कांताबाई अगदी पलीकडच्या रेच्यावर होती. काकाजींनी तिला ओढून काढलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारली.

हेड ऑफिसची माणसं आली. त्यांनी नोंद उघडली, कागदावर छापून काढली. मागच्या दाराच्या फोटोऐवजी गणपतीचा फोटो, जोडणाऱ्याचं नाव, तारीख, दहा वाजून बारा मिनिटं. काकाजी एवढंच म्हणाले, “म्या नाई जोडला.” साहेबांनी विचारलं, “मग तुमच्या नावाने कोणी जोडला?” त्यांनी टेबलापलीकडून माझ्याकडे पाहिलं. अगदी थोडं. मग खाली पाहिलं. त्या सकाळी ते हमालांबरोबर मागे होते हे सांगायला हमाल हवे होते, आणि ते आगीनंतर आपापल्या मुलखात निघून गेले होते. काकाजींना घरी बसवलं. पुढे सरकारी चौकशीची तारीख वर्ध्याला लागली. गल्लीत कांताबाईच्या दारावरून जाणं त्यांना होईना, म्हणून ते कारंज्याला लेकीकडे राहायला गेले.

मी त्यांना भेटायला गेले. हायवेपासून जरा आत घर. ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. वाळले होते. लेकीने पोहे केले. ती आत गेल्यावर मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, “मले माहीत हाय बाई. पासवर्ड दोघायलेच माहीत होता.”

मी रडले. त्यांनी रडू दिलं.

“तुमी माझं नाव काऊन नाही घेतलं, काकाजी?”

“म्या सांगतलं तं म्हनतीन, म्हातारा सोताचा जीव वाचवून राह्यला. कोनी आयकत नाई. तू सांगशीन तं आयकतीन.” मग थांबून म्हणाले, “मले नौकरीचं काई नाई वं. कांताची पोरगी मले आबाजी म्हने. आता दार लावून घेते मले पाहून. तिले कळलं पाह्यजे का तो फोटो म्या नाई लावला. बस. तारखेवर येजो अन् तूच सांगजो.”

“सांगते,” मी म्हटलं. त्यांच्या पायाला हात लावून म्हटलं.

आणि मला सांगायचंच होतं. तारखेपर्यंतचे सगळे दिवस मी ते वाक्य मनात घोकत होते. पोळ्या लाटताना, बसमध्ये. माझ्या मुलीचं नागपूरला शिक्षण चालू होतं, घर माझ्या पगारावर होतं, पोलिसात गेलं तर काय, हेही त्याच्याबरोबर घोकत होते. तरी सांगणार होते. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं की सांगता येईल, असं मला वाटत होतं.

तारखेच्या चार दिवस आधी काकाजी गेले. सकाळी उठलेच नाहीत. मला ते कळलं वर्ध्याला, चौकशीच्या खोलीत. त्यांचं नाव पुकारलं आणि एक अनोळखी माणूस मृत्यूचा दाखला घेऊन उभा राहिला. त्यांचा जावई. अधिकाऱ्यांनी दाखला घेतला, वाचला, फाइलमध्ये ठेवला. तो माणूस खोलीभर नजर फिरवून माझ्याशेजारी येऊन बसला.

“तुमीच बिलिंगवाल्या मॅडम ना?” तो हळूच म्हणाला. “बाबानं सांगून ठेवलं होतं. तारखेवर बाई येईन, घाबरन ते, तिच्याजवळ बसजा म्हने.”

अधिकारी वाचत होते. नोंद मृताच्या नावे असल्याचं, त्यांनी ती तपासून जोडल्याचं. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, याबाबत कोणाला काही सांगायचं आहे का. साहेब टेबलाकडे पाहत होते. मागच्या बाकावर कांताबाईची मुलगी होती, मामाबरोबर आलेली.

मी उठले. खुर्ची फरशीवर घासली गेली आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“बोला बाई,” अधिकारी म्हणाले.

“नाही,” मी म्हटलं. “थोडं पाणी हवं होतं.”

काकाजींचा जावई लगेच उठला, कोपऱ्यातल्या माठातून गिलास भरून घेऊन आला, आणि मी ते पाणी सगळ्यांसमोर उभ्याने प्याले.